बुटीबोरी ते न्हावाशेवा, रेल्वेने

बुटीबोरीतल्या ज्या कारखान्यात मी निर्यातीचं काम पाहते, तिथे जंबो बॅगा तयार होतात. खत, धान्य, रसायनं भरायच्या, टनभर माल पेलणाऱ्या विणीच्या पिशव्या. यातला मोठा भाग युरोपात जातो आणि न्हावाशेव्याच्या बंदरापर्यंत तो आजवर ट्रेलरनेच जात आला. साडेआठशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. त्या पद्धतीची सोय मी मुळीच नाकारत नाही. माल तयार झाला की ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करायचा, संध्याकाळी गाडी दारात. समृद्धी महामार्ग झाल्यावर तर ते आणखी सोपं झालं. शिवमडक्याला चढायचं आणि थेट आमण्याला उतरायचं, 701 किलोमीटर. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, आणि कसाऱ्याच्या घाटात रात्ररात्र अडकून पडणं बरंच कमी झालं.

मग रेल्वेकडे जायचं कशाला, असं आमच्या साहेबांनीही विचारलं. माझ्याकडे दोन उत्तरं होती.

पहिलं उत्तर आमण्याच्या पुढच्या रस्त्याचं. सातशे किलोमीटर सुरळीत आलेली गाडी भिवंडी, कल्याण फाटा, पनवेल आणि उरणचा रस्ता या शेवटच्या पट्ट्यात येऊन थांबते. एखाद्या जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे बंदरात कंटेनर पोचवायची शेवटची वेळ, जवळ आली की बंदराबाहेर ट्रेलरची रांग लागते, आणि त्या रांगेत नागपूरहून आलेल्याला कोणी पुढे सोडत नाही. कट-ऑफ हुकला की कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला जातो. मग बंदरातलं भाडं, गाडी उभी राहिल्याचे पैसे आणि गिऱ्हाइकाला लिहायचं पत्र, तिन्ही माझ्याच टेबलावर येतं.

दुसरं उत्तर गिऱ्हाइकाकडून आलं. आमचा एक जुना खरेदीदार जर्मनीत ऱ्हाइनच्या काठी आहे. त्याने सगळ्या पुरवठादारांना एक प्रश्नावली पाठवली. माल कारखान्याच्या दारापासून बंदरापर्यंत कशाने जातो, किती किलोमीटर जातो, कोणत्या इंधनावर जातो. त्याच्या बाजूचं त्याने आधीच लिहून दिलं होतं. रॉटरडॅमला जहाजातून उतरलेला कंटेनर बार्जवर, म्हणजे नदीतल्या सपाट मालवाहू नावेवर, चढतो आणि ऱ्हाइनने ड्युइसबर्गला पोचतो. ड्युइसबर्ग हे देशाच्या आतलं, नदीवरचं बंदर, युरोपातलं त्या प्रकारचं सगळ्यात मोठं. तिथून गोदामापर्यंतचा तेवढा थोडासा रस्ता ट्रकने.

मी त्यावर थोडं वाचलं. रॉटरडॅमने समुद्रात भराव घालून मासफ्लाक्टेचा भाग वाढवला, तेव्हाच ठरवलं होतं की 2035 पर्यंत तिथून देशाच्या आत जाणाऱ्या कंटेनरांत रस्त्याचा वाटा 35 टक्क्यांवर आणायचा, 45 टक्के बार्जने आणि 20 टक्के रेल्वेने न्यायचे. टर्मिनल चालवणाऱ्यांकडून तसं बांधूनच घेतलं. याची मला फार किंमत वाटते. बंदर मोठं करायचं तर त्याच्या मागचे रस्ते आणखी भरतील, हे त्यांनी आधी ओळखलं आणि परवानगी देतानाच अट घातली. आपल्याकडे बंदरं वाढतात, वाढायलाच हवीत, पण बंदरामागच्या रस्त्याचा विचार नंतर येतो.

प्रश्नावलीतल्या आमच्या रकान्यात तेव्हा एकच शब्द लिहिता येत होता. डिझेल.

पाण्याचा विचार मी फार वेळ केला नाही, पण केला. एक अश्वशक्ती रस्त्यावर दीडशे किलो, रुळावर पाचशे किलो आणि पाण्यावर चार हजार किलो माल हलवते, हा हिशेब आपल्या जलमार्ग खात्याच्या कागदांत नेहमी दिलेला असतो. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यातल्या 111 जलमार्गांत वैनगंगा-प्राणहिताही आहे. पण वैनगंगेचं उन्हाळ्यातलं पात्र ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. शिवाय ती जाते गोदावरीला, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे. आमचं जहाज अरबी समुद्रात उभं असतं. पाण्याची टंचाई तर बारमाही ऱ्हाइनलाही चुकलेली नाही. 2018 आणि 2022 या कोरड्या वर्षांत जर्मनीतल्या कौबजवळ तिची पातळी इतकी उतरली की बार्ज अर्धवट भरून चालवाव्या लागल्या. नागपूरच्या वाट्याला रूळ आहेत. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मुख्य मार्ग इथे एकमेकांना छेदतात. मग त्यांचाच उपयोग करायचा.

सुरुवात बुकिंगपासून झाली. रस्त्याने माल पाठवताना शिपिंग लाइनकडे, म्हणजे जहाज कंपनीकडे, न्हावाशेव्याचं बुकिंग करायचं, पुढचं आपलं आपण. रेल्वेने पाठवायचा तर बुकिंगमध्येच माल स्वीकारण्याचं ठिकाण नागपूर असं यायला लागतं. म्हणजे शिपिंग लाइन नागपूरच्या कंटेनर डेपोत, जिथे कस्टम होऊन डबे मालगाडीवर चढतात, कंटेनर ताब्यात घेते आणि तिथून रॉटरडॅमपर्यंतचं एकच बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल वाहून नेण्याचा दस्तऐवज, देते. काही लाइन हे सहज करतात, काहींना नागपूर हे नाव ऐकून दर काढायलाच आठवडा लागतो. आमच्या फॉरवर्डरचं, म्हणजे मालाची वाहतूक जुळवून देणाऱ्या एजंटाचं, म्हणणं होतं की एवढी उस्तवार कशाला. मी त्याला म्हटलं, एकदा करून बघू, जमलं नाही तर ट्रेलर कुठे पळून जात नाहीत.

दरांची तुलना करताना बऱ्याच जणांची फसगत होते, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. ट्रेलरवाला एकच आकडा सांगतो. रेल्वेचा आकडा तुकड्यातुकड्यांत येतो. रिकामा कंटेनर आणण्याचा खर्च, डेपो ते कारखाना ते डेपो हा छोट्या ट्रेलरचा फेरा, डेपोतली चढ-उतार, वजनाच्या टप्प्याप्रमाणे रेल्वेचं भाडं आणि कंटेनर डेपोत जास्त राहिला तर जागेचं भाडं. हे सगळं एका ओळीत मांडल्याशिवाय तुलना होतच नाही. दुसऱ्या बाजूलाही ट्रेलरच्या आकड्यात जे दिसत नाही ते धरावं लागतं. बंदराबाहेर उभं राहणं, हुकलेलं जहाज, वाढीव डिझेल. आमचा माल फुगीर आणि हलका. 40 फूट लांबीचा, जादा उंचीचा कंटेनर गच्च भरला तरी वजनाच्या खालच्या टप्प्यात राहतो, त्यामुळे रेल्वेचं भाडं आम्हाला परवडलं. लोखंड किंवा तांदूळ पाठवणाऱ्याचा हिशेब वेगळा निघेल, त्याने आपला स्वतः मांडावा.

खरी अडचण आली ती रिकाम्या कंटेनरची, म्हणजे आमच्याकडे ज्याला सगळे खाली डबा म्हणतात त्याची. नागपुरात आयातीचा माल ज्या डब्यांतून येतो, तेच रिकामे होऊन निर्यातीला मिळतात. आम्हाला हवे 40 फुटी, उंच, आतून कोरडे आणि स्वच्छ, कारण आमच्या काही बॅगांत पुढे खाण्याचा माल भरला जातो. आणि हव्या त्या लाइनचे हवे. डेपोत डब्यांच्या थप्प्या दिसतात, पण आपल्या लाइनचा आणि आपल्या मापाचा एकही नसतो, असं कितीदा झालं. मग लाइन सांगते, न्हावाशेव्याहून रिकामा वर पाठवतो. रिकामा डबा साडेआठशे किलोमीटर वर ओढून आणायचा आणि भरून पुन्हा खाली न्यायचा, यात काय वाचलं? म्हणून आम्ही पद्धत बदलली. पुढच्या महिनाभराच्या मालाचा अंदाज आधीच लाइनला द्यायला लागलो, आणि नागपुरात आयात करणाऱ्या एका कारखान्याशी बोलून ठेवलं की तुमचा डबा रिकामा झाला की डेपोत परत जाताच आमच्या नावावर घेऊ. लाइनने ते मान्य केलं. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा भाव करून कधी पडला नसता.

कस्टमचं काम रेल्वेने सोपं केलं, पण त्यातली एक गाठ सांगायला हवी. डेपोतच शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमकडचा अर्ज, दाखल होतं, अधिकारी सील तपासतात, तपासणी निघाली तर तिथेच होते आणि निर्यातीचा हुकूम म्हणजे एलईओ तिथेच मिळतो. काही शंका निघाली तर माझा माणूस बुटीबोरीहून तासाभरात डेपोत पोचतो. पूर्वी हेच उरणला निघालं की मुंबईतल्या सीएचएच्या, म्हणजे कस्टम एजंटच्या, फोनची वाट बघत बसायचं. त्याआधी बँकेचा एडी कोड, म्हणजे परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या आपल्या बँकेचा नंबर, त्या डेपोच्या नावाने कस्टमच्या पोर्टलवर नोंदवून घ्यावा लागतो, ते एकदाचंच काम.

गाठ आहे ती परताव्याची. आम्ही आयजीएसटी, म्हणजे जीएसटीतला केंद्राचा एकात्मिक कर, भरून निर्यात करतो आणि तो पैसा नंतर परत मिळतो. एलईओ मिळाला की काम झालं असं वाटतं, पण परतावा सुटतो तो माल जहाजाने देशाबाहेर गेल्याची नोंद, म्हणजे ईजीएम, लागल्यावर. आणि आतल्या डेपोतून गेलेल्या मालाच्या बाबतीत कोणता कंटेनर कोणत्या गाडीने बंदराला गेला, ही डेपोतली नोंदही त्या ईजीएमशी अक्षरशः जुळावी लागते. कंटेनरच्या नंबरात किंवा बंदराच्या कोडात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पैसा अडकला. 2017 ला जीएसटी आल्यावर देशभरातल्या आतल्या डेपोंमधून निर्यात करणाऱ्यांचे परतावे याच कारणाने तुंबले होते. आमचाही एक परतावा असा अडकला. नोंद ज्यांनी करायची त्यांच्याकडून ती चुकीची झाली होती आणि दुरुस्तीसाठी आम्हालाच खेपा घालाव्या लागल्या. आता गाडी सुटली की त्याच दिवशी आमच्या ऑफिसातला मुलगा पोर्टलवर नोंद लागली का ते बघतो आणि नंबर अंकाअंकाने ताडतो. रेल्वेने पाठवणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी, असं मी कळकळीने सांगते.

हे सगळं कागदावरचं. खरा बदल करावा लागला तो कारखान्याच्या आत. ट्रेलर मालासाठी थांबतो, रेक, म्हणजे कंटेनरची अख्खी मालगाडी, थांबत नाही. आमच्याकडे उत्पादनाची सवय अशी की शेवटचा लॉट रात्री तपासून निघाला की सकाळी भरायचा. रेल्वेसाठी उलटीकडून मोजत यावं लागतं. जहाजाचा कट-ऑफ, त्याआधी बंदरात उतरायचे दिवस, त्याआधी प्रवास, त्याआधी रेकची तारीख, त्याआधी डेपोत कस्टम, आणि त्याआधी कारखान्यात भरणं. हे गणित मी फळ्यावर मांडलं तेव्हा उत्पादनाचे प्रमुख बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मॅडम, म्हणजे तुम्ही आम्हाला आठ दिवस अलीकडे ओढून राहिल्या."

खरं होतं ते. त्यांनी विणकामाचा आणि शिलाईचा क्रम बदलला. निर्यातीचे लॉट आठवड्याच्या सुरुवातीला घेतले, देशातल्या गिऱ्हाइकांचे नंतर. त्यासाठी त्यांना शिलाई विभागातल्या बायकांच्या पाळ्या बदलाव्या लागल्या, आणि तो बदल बायकांशी बसून, बोलून केला. कोणाच्या पोरांची शाळा, कोणाची बुटीबोरीहून गावाकडची शेवटची बस, हे बघून. निर्यातीचा माल रस्त्यावरून रुळावर न्यायचा म्हणजे काय काय हलवावं लागतं, ते त्या बैठकीत मला नीट कळलं. मंत्रालयाच्या कागदावर राष्ट्रीय रेल्वे आराखड्याचं उद्दिष्ट आहे, 2030 पर्यंत मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा 45 टक्के करायचा. तो वाटा एकेका कारखान्याच्या पाळीपत्रकातून उगवणार आहे. रूळ टाकले, गाड्या आणल्या, तरी आमच्यासारख्यांनी माल वेळेवर तयार ठेवला नाही तर गाडी अर्धी रिकामी जाईल.

डबा भरायचा दिवस मला अजूनही आवडतो. ट्रेलर आला की पहिली तपासणी उजेडाची. एक माणूस आत जातो, बाहेरून दोन्ही दारं बंद करतात, आणि तो अंधारात छत, कोपरे, तळ बघत उभा राहतो. कुठेही उजेडाचा टिपका दिसला तर डबा परत. आमच्या गोदामाचे मुकादम हे काम दुसऱ्या कोणाला देत नाहीत. हाताने तळाची फळी दाबतात, वास घेतात, आधी काय भरलं होतं त्याचा अंदाज बांधतात. एकदा आत रसायनाचा उग्र वास आला, त्यांनी तिथल्या तिथे दार लावलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, हा डबा घेऊन जा. यात खायच्या मालाची बॅग नाही चालत." नंतर दाबून बांधलेल्या गाठी पॅलेटवर येतात, ओल शोषणाऱ्या पुड्या छताला टांगल्या जातात, दार बंद होतं, सील लागतं, नंबरचा फोटो निघतो. भरलेल्या डब्याचं तपासलेलं वजन कळवणं 1 जुलै 2016 पासून जगभर सक्तीचं आहे, म्हणून वाटेत काट्यावर जायचं.

डेपोत रीच स्टॅकर नावाचं अवाढव्य यंत्र डबा वरून धरतं आणि वाघिणीवर ठेवतं. रेकला 45 वाघिणी, म्हणजे 40 फुटी असले तर 45 डबे. डब्याचे चार कोपरे वाघिणीवरच्या लॉकवर बसताना एक खट्ट असा आवाज येतो. तो ऐकल्याशिवाय डेपोतला माणूस पुढच्या डब्याकडे वळत नाही. असे पंचेचाळीस ट्रेलर रस्त्यावर एकामागे एक उभे केले तर कुठपर्यंत जातील, असा विचार त्या वेळी माझ्या मनात येतोच.

मग वर्धा, बडनेरा, भुसावळ, मनमाड, इगतपुरी. कसाऱ्याचा घाट 37 ला 1 अशा चढाचा, म्हणून उतरण्याआधी इगतपुरीला ब्रेक तपासले जातात. पुढे कल्याणहून दिवा, पनवेल, जासई आणि बंदर. कागदावर हा प्रवास झटपट होतो. प्रत्यक्षात मालगाडी ही प्रवासी गाड्यांमधल्या फटीतून वाट काढते. दिवाळी-छटच्या जादा गाड्या सुटल्या, कुठे दुरुस्तीसाठी ब्लॉक पडला, की आमची गाडी कुठल्याशा लूपलाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभी. वर्धा-नागपूर आणि जळगाव-मनमाड या पट्ट्यांत वाढीव मार्गिकांचं काम हाती घेतलं गेलं, त्याची वाट आमच्यासारखे लोक डोळ्यांत प्राण आणून बघतात. दादरीहून न्हावाशेव्याला येणारा 1506 किलोमीटरचा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग गुजरातमधून उतरतो, तो नागपूरला लागत नाही. आमची गाडी जुन्याच रुळांवर लोकांसोबत धावते. म्हणून मी कट-ऑफच्या आधी मोकळे दिवस ठेवते आणि साहेबांनी कितीही आग्रह केला तरी ते कमी करू देत नाही.

बंदरात एकच दरवाजा नाही, वेगवेगळी टर्मिनल आहेत, आणि एकाच रेकमध्ये निरनिराळ्या टर्मिनलचे डबे असतात. लाइनने ऐनवेळी जहाजाचं टर्मिनल बदललं तर ट्रेलरला फोन करून वळवता येतं, रेल्वेतून गेलेल्या डब्याला आतल्या आत हलवावं लागतं. यावर माझ्याकडे पक्का उपाय नाही. लाइन निवडताना जिची जहाजं नेहमी एकाच टर्मिनलला लागतात ती घ्यायची, एवढंच करते.

विक्रीची अट बदलायची म्हणून बँकेशीही बोलावं लागलं. आधी आम्ही एफओबी न्हावाशेवा असं विकत होतो, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम आमची. कंटेनरच्या मालाला खरं तर एफसीए ही अट योग्य. आता जर्मन खरेदीदाराशी एफसीए नागपूर असा करार आहे, डेपोत डबा दिला की जोखीम त्याची. त्यानेही ते आनंदाने मान्य केलं, कारण पुढचा सगळा प्रवास एकाच बिलावर त्याला दिसतो.

आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारा ट्रेलरचा ड्रायव्हर पारशिवनीचा. रेल्वेचं ठरलं तेव्हा तो ऑफिसात आला. "ताई, मुंबईची लाइन बंद केली तर आम्ही काय करावं?" त्याचा प्रश्न बरोबर होता आणि त्याला उडवून लावणं मला जमलं नसतं. आता कारखाना ते डेपो हा फेरा त्यालाच दिला आहे. परवा म्हणाला, "घरी जेवून राहिलो रोज, पण महिन्याचा हिशोब कमी बसते." त्यावर आम्ही ट्रान्सपोर्टवाल्याशी बसून फेऱ्याचा दर वाढवला. तरी मुंबईच्या भत्त्याएवढा तो होत नाही. रस्त्यावरचा माल रुळावर नेण्याच्या चर्चेत या माणसांचं गणित कुठेच मांडलेलं नसतं. ते मांडायला हवं, आणि छोट्या फेऱ्यांचे दर ठरवताना मांडता येतं.

आज आमचा युरोपचा बहुतेक माल रेल्वेने जातो. ऐनवेळच्या ऑर्डर आणि अर्ध्या डब्याएवढा माल अजून ट्रेलरने जातो, आणि तो तसाच जाईल. जवळच्या दोन कारखान्यांना हे सगळं दाखवलं, त्यांनीही बुकिंग सुरू केलं आहे. वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वे या गावी ड्राय पोर्टचं, म्हणजे समुद्रापासून दूर बंदराची कामं करणाऱ्या तळाचं, भूमिपूजन 2017 मध्ये झालं, ते पुरतं उभं राहील तेव्हा आणखी सोय होईल, पण तोवर थांबण्यासारखं आमच्याजवळ काही नाही. तिघांचे मिळून दर आठवड्याला पुरेसे डबे होतात. त्या जोरावर आम्ही डेपोकडे गाडीचा ठरलेला वार मागितला आहे. भाड्यात सूट मागा, असं काही जणांनी सुचवलं होतं. मी ते पत्रातून काढून टाकलं आणि फक्त वार मागितला. तो मिळाला तर शिलाईच्या पाळ्या आम्हाला वर्षभरासाठी एकदाच लावता येतील.